एकच जिवाणू पुन्हापुन्हा: मुलाची प्रतिकारशक्ती तपासून घ्यावी का?

रानजाई

मंडळी, माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, वय साडेचार. वर्षभरात दोनदा न्यूमोनिया झाला, दोन्ही वेळा अ‍ॅडमिट करून सलाइनमधून अँटिबायोटिक द्यावं लागलं. त्याआधी कान फुटणं आणि नाकातून पिवळं वाहणं चालूच होतं. या वेळी ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ही तपासणी) पाठवलं, त्यात न्यूमोकोकस हा न्यूमोनियाचा जिवाणू निघाला. लसीकरण पूर्ण आहे, न्यूमोनियाची लससुद्धा वेळच्या वेळी दिलेली आहे.

बालरोगतज्ज्ञांनी आता इम्युनोग्लोब्युलिनच्या, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या अँटिबॉडींच्या, पातळ्या करायला सांगितल्यात: आयजीजी, आयजीए, आयजीएम. त्यावरून घरात दोन तट पडलेत. बहिणीच्या सासूबाई म्हणतात पोर शाळेतून आजार घेऊन येतं, शाळा बंद करा. मेहुण्यांना वाटतं हा सगळा लॅबवाल्यांचा धंदा. बहीण बिचारी मधल्या मध्ये.

अशी तपासणी कुणाकडे झाली आहे का? सर्दीपडसं काय, सगळ्याच मुलांना होतं. मग 'प्रतिकारशक्ती कमी' म्हणजे नेमकं कुठे काय कमी असतं?

पेठकर

मेट्रोची धूळ, उड्डाणपुलांची धूळ, आणि उरलीसुरली जागा रिक्षांच्या धुराला. एके काळी लोक पुण्यात हवापालटाला यायचे हो. त्यात आजची पोरं आरओच्या पाण्यावर वाढलेली. आम्ही मुठेच्या पात्रात गुडघाभर चिखलात खेळलो, काहीही झालं नाही. शाळेत रुळू द्या, आपोआप सुधारेल.

चिंगी

पेठकरांना अर्धं अनुमोदन. माझी लेक प्लेग्रुपला जायला लागली तेव्हा पहिलं वर्ष घरात रुमालच वाळत होते. डॉक्टर म्हणाले, या वयात वर्षाला आठ-दहा सर्द्या म्हणजे नॉर्मल. पहिलीत गेल्यावर सगळं थांबलं. पण तिला कधी अ‍ॅडमिट करावं लागलं नाही, एवढा फरक आहे खरा.

मायक्रो_मावशी

चिंगी, तोच फरक महत्त्वाचा आहे बाई.

मी निवृत्त होईपर्यंत हॉस्पिटलच्या मायक्रोबायॉलॉजी लॅबमध्ये होते. डॉक्टर नाही, त्यामुळे उपचार सांगणार नाही. पण जंतू वाढवायच्या प्लेटा आयुष्यभर बघितल्या. सर्दी हे विषाणूंचं काम, ती कुणालाही होते. पेठकर, धूळ आहेच, तिने खोकला येतो, दमा बळावतो. पण धुळीने रक्तात न्यूमोकोकस शिरत नाही.

आपण 'प्रतिकारशक्ती' एकच वस्तू असल्यासारखं बोलतो. तिची खाती वेगवेगळी आहेत आणि प्रत्येक खात्याचे ठरलेले शत्रू आहेत. त्यामुळे कोणता जंतू वारंवार येतो यावरून कुठलं खातं बंद आहे याचा अंदाज बांधता येतो.

न्यूमोकोकस घ्या. ब्लड अगारच्या प्लेटवर त्याच्या कॉलनीभोवती (जंतूंच्या ठिपक्याभोवती) हिरवट कडं दिसतं आणि कॉलनी जुनी झाली की मधोमध खळगा पडतो. या जंतूच्या अंगावर साखरेच्या रेणूंचं बुळबुळीत आवरण असतं. म्हणजे तेल लावलेला पैलवान. पांढऱ्या पेशी धरायला जातात आणि हात सुटतो. आखाड्यात अशा वेळी अंगावर तांबडी माती टाकतात, मग पकड बसते. इथे ती माती म्हणजे अँटिबॉडी आणि कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं. अँटिबॉडी नसतील तर न्यूमोकोकस आणि हिमोफिलस हे आवरणवाले गडी मोकाट सुटतात: कान, सायनस, फुप्फुस, कधी मेंदूचं आवरण.

उलट काही मुलांच्या अँटिबॉडी उत्तम असतात, पण पांढऱ्या पेशी जंतू गिळूनही मारू शकत नाहीत. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज म्हणतात त्याला. तिथे न्यूमोकोकसचा फार त्रास नसतो. येतात ते स्टॅफिलोकोकस, सेराशिया, बर्कहोल्डेरिया, नोकार्डिया, शिवाय अ‍ॅस्परजिलस ही बुरशी. यकृतात गळू, मानेत पिकलेल्या गाठी. यकृतातल्या पुवात स्टॅफिलोकोकस आणि रुग्ण लहान मूल, असं दिसलं की आमच्या मॅडम स्वतः वॉर्डला फोन लावायच्या.

आणि पेठकर, चिखलात खेळून ज्यांना काही झालं ते आज इथे प्रतिसाद द्यायला नाहीत.

खिडकीतला_बोका

मावशींनी पेठकरांना धोबीपछाड घातली. माती कुठून आली ते विचारू नका.

वैद्यबुवा

एवढ्या तपासण्यांची गरज नाही. गुळवेल, आवळा आणि तुळशीचा काढा रोज सकाळी द्या. चौथ्या वर्षी कफप्रकृती बलवान असते. प्रतिकारशक्ती आतून वाढवायची गोष्ट आहे, बाहेरून टोचायची नाही.

निशाचर

वैद्यबुवा, ज्या मुलाच्या शरीरात अँटिबॉडी बनवणारी पेशीच नसेल त्याने काढा पिऊन काय 'वाढवायचं'? शिवाय २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या लोकांत यकृताला इजा झाल्याच्या केसेस प्रसिद्ध केल्या होत्या. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद बाजूला ठेवू. पण साडेचार वर्षांच्या आजारी मुलाला धाग्यावर वाचून काढा देऊ नये, एवढं तरी मान्य करा.

वैद्यबुवा

मी अँटिबायोटिक बंद करा असं कुठे म्हणालो? सोबत द्या म्हणालो. असो.

शिशिर

रानजाई, तपासणी करून घ्या. मी दुसऱ्या टोकावरून सांगतो.

माझा आजार तिशी उलटल्यावर कळला. कॉलेजपासून सायनस, दर पावसाळ्यात छाती भरणं, हिरवा बेडका. पुण्यातल्या जवळजवळ प्रत्येक कानाकोपऱ्यातल्या डॉक्टरने 'धुळीची अ‍ॅलर्जी' असं लिहून दिलं. नाकाचं हाड वाकडं म्हणून ऑपरेशन झालं. इन्हेलर झाले. दोनदा टीबीचा संशय घेतला, थुंकीत काही मिळालं नाही. शेवटी एका तरुण फिजिशियन बाईंनी सीटी स्कॅन बघून विचारलं, "तुमचं आयजीजी कुणी कधी केलंय का?" कुणीच केलं नव्हतं. फार खाली निघालं. कॉमन व्हेरिएबल इम्युनोडेफिशियन्सी असं नाव आहे. नावात 'कॉमन' असलं तरी आजार दुर्मिळच आहे.

तोवर फुप्फुसांच्या नळ्या कायमच्या रुंदावल्या होत्या, ब्राँकिएक्टेसिस. त्या आता पूर्ववत होत नाहीत. सकाळी उशा लावून उलटं झोपून कफ काढणं हा दिनक्रम झालाय. ही तपासणी साध्या रक्ताच्या नमुन्यावर होते हो. मला राग त्याचाच येतो.

आता दर महिन्याला डे-केअरमध्ये जाऊन आयव्हीआयजी घेतो. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून वेगळ्या काढलेल्या अँटिबॉडी असतात त्या. बाटली फ्रिजमधून काढून आधी खोलीच्या तापमानाला येऊ देतात. पहिला अर्धा तास थेंब अगदी सावकाश सोडतात, सिस्टर सारख्या येऊन बीपी बघतात, मग वेग वाढवतात. दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं, भरपूर पाणी प्यायलं की कमी दुखतं. साधारण तीन आठवड्यांत त्यातल्या निम्म्या अँटिबॉडी संपतात म्हणून पुन्हा जायचं. जन्मभर. पण उपचार सुरू झाल्यापासून न्यूमोनिया झालेला नाही.

चिंगी

बाप रे. शिशिर, खर्चाचं कसं जमवता? आगाऊपणा वाटला तर उत्तर देऊ नका.

शिशिर

आगाऊपणा कसला. ऑफिसच्या विम्यातून बराच भाग निघतो, पण प्रत्येक वेळी टीपीएशी (विम्याचे दावे तपासणाऱ्या कंपनीशी) भांडण ठरलेलं. "अ‍ॅडमिशनची आवश्यकता काय?" हे वाक्य मी आता झोपेतही ऐकतो. डोस वजनावर असतो, त्यामुळे लहान मुलाला कमी लागतो आणि मूल वाढतं तसा खर्चही वाढतो. राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण २०२१ मध्ये जन्मजात प्रतिकारशक्तीचे काही आजार आहेत. मदतीची कमाल मर्यादा ५० लाख, पण ठरलेल्या केंद्रातूनच अर्ज करावा लागतो. आपल्याला जवळचं म्हणजे मुंबईचं केईएम.

खडकवासला_लोकल

आयव्हीआयजी म्हणजे तेच ना जे २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडला जीबीएस (नसा लुळ्या पाडणारा आजार) पसरला तेव्हा सगळे शोधत होते? आमच्या सोसायटीतल्या एका काकांना दिलं होतं. बातम्यांत एका इंजेक्शनची किंमत वीस हजार सांगत होते. पण जीबीएसमध्ये तर प्रतिकारशक्ती जास्त होते ना? मग औषध तेच कसं?

मायक्रो_मावशी

जास्त नव्हे, भलतीकडे वळलेली. तेव्हा किरकटवाडी-नांदेडगाव भागातल्या रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी सापडला होता. त्याच्या आवरणाचा काही भाग आपल्या नसांवरच्या रेणूंसारखा दिसतो. जंतूविरुद्ध बनलेल्या अँटिबॉडी नसांवर जाऊन पडतात. तिथे आयव्हीआयजी भरमसाट डोसमध्ये, थोडे दिवस देतात, त्या चुकार अँटिबॉडींना आवर घालायला. शिशिर घेतात ती नुसती भरपाई, डोस बराच कमी.

गंमत अशी की अँटिबॉडी नसलेल्या लोकांनाही हाच कॅम्पायलोबॅक्टर छळतो. फक्त तिथे तो आतड्यात ठाण मांडतो, महिनोन्‌महिने जुलाब. जिआर्डिया या परजीवीचंही तसंच.

सायकलवाला

अवांतर नाही, विषयाला धरूनच. नवले पुलाच्या उतारावर ट्रकने मागून ठोकलं आणि माझी पाणथरी (प्लीहा) फुटली. रात्रीतच काढून टाकली. घरी सोडताना टाके, ड्रेसिंग, पथ्य सगळं सांगितलं. पाणथरी नसेल तर काय काळजी घ्यायची, त्यावर चकार शब्द नाही. ते नंतर आमच्या फॅमिली डॉक्टरांनी सांगितलं.

मावशी म्हणतात ते आवरणवाले जंतू रक्तातून गाळून काढण्याचं मोठं काम पाणथरी करते. ती नसली की साधा वाटणारा ताप काही तासांत सेप्सिसपर्यंत (रक्तातून पसरलेल्या जीवघेण्या संसर्गापर्यंत) जाऊ शकतो. म्हणून मला न्यूमोकोकस, मेंदूज्वराचा मेनिंगोकोकस आणि हिब (हिमोफिलसचा एक प्रकार) अशा तिन्हींच्या लसी दिल्या, दर वर्षी फ्लूची. ठरवून ऑपरेशन असेल तर लसी निदान दोन आठवडे आधी द्यायच्या असतात. माझ्यासारख्या अपघातवाल्यांना नंतर. आणि ताप आला की 'उद्या बघू' नाही. घरात ठेवलेलं अँटिबायोटिक घ्यायचं आणि तडक हॉस्पिटल गाठायचं. पाकिटात लायसन्सच्या मागे चिठ्ठी आहे: 'प्लीहा काढलेली आहे'.

कुत्रा चावला तरी तसंच. रेबीजचं इंजेक्शन सगळ्यांनाच, पण कुत्र्याच्या लाळेत कॅप्नोसायटोफेगा नावाचा जिवाणू असतो, तो आम्हाला विशेष धोक्याचा.

पेठकर

पुण्यात राहून कुत्र्यांपासून सांभाळायचं म्हणजे तुम्हाला रात्री बाहेर पडणं बंदच की. (हलकेच घ्या.) पण ही पाणथरीची माहिती खरंच नवीन आहे. माझ्या पुतणीची प्लेटलेट्सच्या आजारासाठी काढली होती. तिला आजच फोन करतो.

डोंबाऱ्या

विदर्भात नोकरीला होतो तेव्हा सिकलसेलची मुलं पाहिली. गडचिरोलीकडे पुष्कळ आहेत, इकडे नंदुरबारलाही. त्यांची पाणथरी कापून काढत नाहीत, ती लहानपणीच आतल्या आत सुकून निकामी होते. तिथले डॉक्टर पाच वर्षांपर्यंत रोज पेनिसिलिन द्यायला सांगायचे. आया विचारायच्या, पोर धडधाकट आहे तर गोळी कशाला? याच मुलांच्या हाडात साल्मोनेलाचा पू होतो. तेही तिथेच बघितलं.

आबा_कर्वेनगर

जन्मजात आजारांचं चाललंय तर आम्हा कमावलेल्यांचंही घ्या. मला मधुमेह. तळपायाला खिळा लागला, कळलाच नाही, कारण पायाला संवेदना नाही. पू झाला, करंगळी गेली. साखर चढलेली असली की पांढऱ्या पेशी सुस्तावतात असं सर्जनने सांगितलं. मधुमेह्यांना टीबीचा धोकाही दुपटी-तिपटीने जास्त. मंडळी काढ्यावर तावातावाने बोलतात, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) मात्र कुणी बघत नाही.

तेजू_आयटी

+१ आबा. मणक्याच्या संधिवातासाठी मला बायोलॉजिक औषध सुरू करायचं होतं, टीएनएफ हे शरीरातलं दाह वाढवणारं प्रथिन अडवणारं. त्याआधी टीबीची रक्ततपासणी आणि छातीचा एक्स-रे सक्तीचा. आपल्याकडे टीबीचे जंतू कितीतरी लोकांच्या फुप्फुसात झोपलेले असतात. पेशींनी त्यांच्याभोवती कोंडाळं केलेलं असतं आणि ते टिकवायला टीएनएफ लागतं. औषधाने ते काढून घेतलं की टीबी उठतो. माझी चाचणी पॉझिटिव्ह आली, आधी टीबीचा प्रतिबंधक कोर्स करायला लावला.

मीरा_जोग_नाही

केमोवाल्यांसाठी एक ओळ. पांढऱ्या पेशी पडलेल्या असताना ताप हीच इमर्जन्सी. माझ्या आईला ताप होता, बाकी खोकला नाही, पू नाही, काही नाही. पू व्हायला पेशी तरी हव्यात ना. रक्तात ई. कोलाय निघाला, बाहेरून नव्हे, तिच्याच आतड्यातला. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका.

निशाचर

'पू व्हायला पेशी हव्यात' यावरून आठवलं. बाळाची नाळ महिना झाला तरी पडत नाही, जखमा होतात पण पू नाही, आणि रक्तात मात्र पांढऱ्या पेशी भरमसाट. असा एक जन्मजात आजार शिकवला होता. पेशी असतात, पण रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेरच पडू शकत नाहीत. बरोबर ना मावशी?

मायक्रो_मावशी

बरोबर, ल्युकोसाइट अ‍ॅढेजन डिफिशियन्सी. निशाचर, तुम्ही मेडिकलचे दिसता, उगाच अंधारात बसलात.

आणखी एक आपल्याकडचं. बीसीजी आपण जन्मतःच टोचतो आणि ती जिवंत लस आहे. काखेत लहानशी गाठ काही बाळांना येते, बहुतेकदा आपोआप जाते. पण गाठी फुटत राहिल्या, लस अंगभर पसरली, तर बाळाच्या प्रतिकारशक्तीत मूळचाच दोष असू शकतो. कॉम्प्लिमेंटच्या साखळीतली शेवटची प्रथिनं नसतील तर मेनिंगोकोकसचा मेंदूज्वर पुन्हापुन्हा. त्यामुळे मेंदूज्वर दुसऱ्यांदा झाला की बरा झाला म्हणून सोडून द्यायचं नसतं.

आता धागाकर्तीकडे. रानजाई, तीन गोष्टी सांगा. दोन्ही न्यूमोनिया फुप्फुसाच्या एकाच भागात होते की वेगवेगळ्या? मुलाचे टॉन्सिल दिसतात का? आणि तुमच्या माहेरच्या बाजूला, म्हणजे आईच्या भावांमध्ये किंवा मावशीच्या मुलांमध्ये, कुणी मुलगा लहानपणी गेलाय का?

खिडकीतला_बोका

एकाच भागात की वेगवेगळ्या, याने काय फरक पडतो?

निशाचर

एकाच जागी परत परत झाला तर आधी तिथे काही अडकलंय का बघतात. आपल्याकडे बहुतेक वेळा शेंगदाणा. मूल हसताहसता खातं, दाणा श्वासनळीत जातो आणि महिनोन्‌महिने 'न्यूमोनिया' म्हणून औषधं चालतात. तिथे प्रतिकारशक्तीचा काही दोष नसतो.

रानजाई

उशिरा आल्याबद्दल माफी, हॉस्पिटल आणि ऑफिस दोन्ही चालू आहे. सगळ्यांचे आभार.

एक्स-रे पुन्हा काढून बघितले. आधी उजवीकडे खाली, या वेळी डावीकडे. टॉन्सिलचं विचारलंत म्हणून बहिणीने काल डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी टॉर्च टाकून बघितलं, जवळजवळ नाहीतच. ऑपरेशन वगैरे कधी झालेलं नाही.

तिसऱ्या प्रश्नावर मी आईला फोन केला. आईला एक भाऊ होता, तिच्याहून लहान. चौथ्या वर्षी डबल न्यूमोनियाने गेला. घरात त्याचा विषय निघत नाही. आईने विचारलं, "पण तू हे आत्ता का विचारतेस?" मला नीट सांगता आलं नाही.

तपासणीला मेहुणे तयार झालेत. शिशिर यांचा प्रतिसाद बहिणीने त्यांना वाचून दाखवला.

मायक्रो_मावशी

आता जे लिहिते ते निदान नाही, डॉक्टर ठरवतील. पण डॉक्टर काय शोधत असावेत ते सांगते.

१९५२ मध्ये अमेरिकेच्या लष्करी रुग्णालयात कर्नल ब्रुटन यांच्याकडे आठ वर्षांचा एक मुलगा होता, त्याला वारंवार न्यूमोकोकसचं सेप्सिस व्हायचं. रक्तातली प्रथिनं वेगळी करून बघितली तर गॅमा ग्लोब्युलिनचा पट्टाच गायब. बाहेरून गॅमा ग्लोब्युलिन टोचायला लागले आणि सेप्सिस थांबलं. पुढे १९९३ मध्ये या आजारामागचं बिघडलेलं जनुक सापडलं, ते एक्स गुणसूत्रावर आहे. म्हणून आजार मुलग्यांना होतो आणि बायकांकडून पुढे येतो, स्वतः त्यांना काही न होता. अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी तयार होत नाहीत, त्यामुळे टॉन्सिलही वाढत नाहीत. पहिले सहा महिने आईकडून आलेल्या अँटिबॉडी सांभाळतात, मग इन्फेक्शन सुरू.

लस देऊनही न्यूमोकोकस आला याचं कोडंही त्यात सुटू शकतं. लस फक्त ओळख करून देते, अँटिबॉडी शरीरानेच बनवायच्या असतात. अर्थात या जंतूचे शंभराच्या आसपास प्रकार आहेत आणि मुलांच्या लसीत त्यातले मोजकेच, त्यामुळे लसीत नसलेला प्रकारही असू शकतो.

आयजीजी वयानुसार वाचायचं असतं. मोठ्यांच्या मर्यादा छापलेल्या असतील तर स्वतः अर्थ लावत बसू नका.

पेठकर

रानजाई, मी चार वर्षं थांबा म्हणालो नव्हतो, पण जवळपास तेच म्हणालो होतो. करून घ्या तपासणी. आईंना सांभाळा.

रानजाई

रिपोर्ट आला. आयजीजी त्याच्या वयाच्या मानाने फारच कमी, आयजीए आणि आयजीएम जवळजवळ नाहीत. आता बी पेशी मोजायला फ्लो सायटोमेट्री सांगितली आहे आणि मग जनुकाची तपासणी. मुंबईला वाडिया हॉस्पिटलमध्ये इम्युनॉलॉजी विभाग आहे, तिथली अपॉइंटमेंट मिळाली आहे. पहिली आयव्हीआयजी त्याआधी इथेच देतील बहुतेक. माझ्या बहिणीला आणि मलाही तपासायला लागेल असं म्हणाले.

शिशिर

लवकर कळलं, फुप्फुसं अजून शाबूत आहेत. पहिल्या वेळी डे-केअरला आवडतं खेळणं आणि जाड सॉक्स न्या, एसी फार असतो.

चिंगी

रानजाई, येत्या रविवारी पल्स पोलिओ आहे ना? पाचच्या आतला आहे म्हणजे घरीही येतील थेंब पाजायला. चालतं का अशा मुलाला?

निशाचर

नाही! बरं झालं विचारलंत. थेंब म्हणजे जिवंत विषाणू, दुबळा केलेला. अँटिबॉडी नसलेल्या मुलात तो दीर्घकाळ आतड्यात राहतो आणि क्वचित पोलिओच करतो. घरातल्या इतर मुलांनाही थेंबांऐवजी इंजेक्शनवाली लस देता येते. डॉक्टरांकडून आजच लेखी घ्या.

रानजाई

त्याला धाकटी बहीण आहे, दीड वर्षाची. तिचंही विचारते. डॉक्टरांना आत्ताच मेसेज टाकला. घरी येणाऱ्या आशाताई ओळखीच्या आहेत, त्यांना उद्या सकाळीच सांगून ठेवते, नाहीतर सासूबाई कौतुकाने दोघांना पुढे करतील.